सुरडकर सर आणि सावकाश सुरू होणारे संगणक

सुरडकर सरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडण माझं आणि संगणकाचं चाललं होतं, सर मध्ये पडले. साखरखेर्ड्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठीची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. सहामाहीची प्रश्नपत्रिका टाइप करून द्यायची होती, म्हणून प्राचार्यांनी मला संगणकाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. मी बटण दाबलं. पडद्यावर खिडकीचं चित्र आलं, खाली ठिपक्यांचं कडं फिरायला लागलं, आणि फिरतच राहिलं. मी मूळची उतावळी बाई. चहाला उकळी फुटायच्या आत गाळणं धरून उभी राहणारी. पुन्हा बटण दाबलं. मग ते दाबून धरलं. शेवटी खोक्यावर एक थाप ठेवून दिली. तेवढ्यात मागून अगदी शांत आवाज आला, "मॅडम, ते चालू होऊनच राह्यलं. तुमी होऊ द्या नं त्याले."

वळून पाहिलं तर पांढरा हाफ शर्ट घातलेले एक गृहस्थ, हातात रंगाऱ्याकडे असतो तसा छोटा ब्रश. हा ब्रश कीबोर्डमधली धूळ झाडण्यासाठी आहे, हे मला पुढे कळलं. मी फणकाऱ्यानेच म्हटलं, "सर, एवढ्या वेळात मी मेहकरला जाऊन परत आले असते!" ते म्हणाले, "हाव, गेल्या असत्या. पण प्रश्नपत्रिका इथंच राह्यली असती." ना हसले, ना रागावले. मला खुर्ची दिली, स्वतः शेजारी उभे राहिले आणि संगणक सुरू होईपर्यंत माझ्या माहेरची चौकशी केली. प्रश्नपत्रिका झाली. मी जायला निघाले तेव्हा एवढंच म्हणाले, "थाप मारत नका जाऊ त्याले, म्हातारं झालं ते."

ते गृहस्थ म्हणजे आमचे आदरणीय श्री. भास्करराव सुरडकर सर. सर यंदा वयाची साठ वर्षं पूर्ण करत आहेत. नोकरीतून ते नियमानुसार निवृत्त झाले आहेत, पण ही बातमी त्यांच्या पायांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही, कारण शाळा भरली की ते प्रयोगशाळेत हजर असतात. या गौरवग्रंथात त्यांच्याविषयी पुष्कळजण पुष्कळ लिहितील. त्यांचा प्रामाणिकपणा, त्यांचं विद्यार्थिप्रेम, सगळं खरं आहे. मला मात्र एकच गोष्ट नीट सांगायची आहे. आमची ही प्रयोगशाळा एकदा कायमची जाणार होती, आणि तिच्याबरोबर आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येणाऱ्या मुलींचा संगणकाचा विषयही जाणार होता. ती कशी वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आज आठवलं तरी मोठा श्वास सोडावासा वाटतो.

त्याआधी सरांची शिकवण्याची रीत सांगायला हवी. सर मूळचे देऊळघाटचे, शेतकऱ्याच्या घरातले. गणित शिकले आणि मग त्या काळी इकडे फारसं कोणी शिकत नसलेला संगणकाचा अभ्यासक्रम पुरा केला. अकरावीची नवी मुलं आली की बाकीचे शिक्षक धडा पहिला उघडतात. सर पहिल्या दिवशी संगणक बंद करायला शिकवतात. उघडलेलं काम आधी साठवा, खिडक्या एकेक मिटा, मग 'शट डाउन' म्हणा, आणि पडदा काळा झाला तरी खोक्यावरचा दिवा विझेपर्यंत बोर्डाच्या बटणाला हात लावू नका. मुलांना घाई असते चालू करायची. एका पालकाने तर येऊन विचारलंही, "सर, पोरीले चालू करणं शिकवा नं, बंद करणं काऊन शिकवता?" सर म्हणाले, "दादा, विहिरीत उतरायच्या आंधी वर कसं यायचं ते पाह्यता का नाही तुमी? तसंच हे."

याला कारणही होतं. आमच्याकडे लाइन, म्हणजे वीज, कधी जाईल याचा भरवसा नसे. प्रयोगशाळेतली बॅटरी जुनी, ती जेमतेम आवराआवर करण्यापुरती टिकायची. तेवढ्या वेळात सगळे संगणक नीट बंद झाले तर ठीक, नाहीतर मुलांचं काम गेलं आणि कधीकधी यंत्रही गेलं. लाइन गेली की सरांचे विद्यार्थी आरडाओरडा करत नसत. खोलीभर नुसती टिकटिक ऐकू यायची आणि एकामागून एक पडदे विझायचे. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असायची. माझ्या वर्गात मात्र लाइन गेली की शिट्ट्या वाजत. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

सरांच्या दुसऱ्या एका गुणाचा लाभ मी स्वतः घेतला आहे. आमच्या घरी नवा संगणक आला. एकदा त्याचा प्रिंटर रुसला. मुलाचा प्रकल्प दुसऱ्या दिवशी द्यायचा, आणि प्रिंटर काही केल्या कागद ओढेना. मी संगणक बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. शेवटी सरांना फोन लावला. ते म्हणाले, "रीस्टार्ट करा, मॅडम." मी उसळलेच. "सर, दुपारपासून मी दुसरं काय करतेय? बंद करते, चालू करते, बंद करते, चालू करते!"

"ते नाही. रीस्टार्ट करा."

"अहो, तेच ते झालं ना!"

"नाही हो, तेच ते नाही," सर म्हणाले, आणि माझा आवाज चढलेला असतानाही त्यांनी मला समजावून सांगितलं. या नव्या विंडोजमध्ये आपण 'शट डाउन' केलं की वरचा पसारा आवरला जातो, पण आतला गाभा तसाच्या तसा डिस्कवर जपून ठेवला जातो. म्हणजे दुसऱ्या दिवशी पटकन सुरू व्हावं. त्यामुळे आतली अडचणही जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी आपल्यासमोर हजर होते. 'रीस्टार्ट' केलं तर मात्र सगळं मुळापासून उभं राहतं. म्हणून त्याला वेळ जास्त लागतो, आणि म्हणूनच ते कामाला येतं. मी मनातल्या मनात पुटपुटत रीस्टार्ट केलं. प्रिंटरने घर्रर्र केलं आणि कागद ओढला. मी फोनवर "सर!" एवढंच ओरडले. तिकडून शांतपणे, "झालं का? बरं झालं. ठेवतो मंग."

कोणती सिस्टीम चांगली, यावर आमच्या शिक्षकखोलीत वाद रंगायचे. कोणी म्हणायचं विंडोजच खरी, कोणी पुण्याहून ऐकून आलेला म्हणायचा आता सगळं लिनक्सवर, कोणी आपला मोबाइल दाखवून म्हणायचा हे बघा, हा तर कधी बंदच करावा लागत नाही. सर कुणाचीच बाजू घेत नसत. माझ्यासारखीला समजेल अशा भाषेत त्यांनी एकदा सांगितलं होतं. "मॅडम, एकट्या माणसाले गावाले जायचं असलं तं पिशवी उचलली की निंघाला. लग्नाचं वऱ्हाड घेऊन निंघायचं म्हटलं तं? याची चप्पल सापडत नाही, तिची ओटी राह्यली, मामा अजून आंघोळीले गेले. गाडी तीच, डायवर तोच. उशीर वऱ्हाडाचा." संगणक सुरू होताना आपल्याबरोबर किती सामान घेऊन निघतो यावर त्याचा वेळ ठरतो, असं त्यांचं म्हणणं. नंतर मी माझ्या घरच्या संगणकातलं वऱ्हाड कमी केलं. गाणी वाजवणारे, निरोप देणारे, उगाचच आधी येऊन बसणारे सगळे कार्यक्रम काढून टाकले. फरक पडला.

आता ती गोष्ट.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब. करडा माणूस, पण कान उघडे ठेवणारा. एका वर्षी ते न सांगता शाळेत आले आणि थेट प्रयोगशाळेत जाऊन मागच्या बाकावर बसले. अकरावीची तासिका लागलेली होती. मुलींनी बटणं दाबली. आणि मग सगळ्या पडद्यांवर ती कडी फिरायला लागली. आमचे संगणक तेव्हा फारच जुने झाले होते. त्यांच्यावर नवी विंडोज आणि तिच्यावर आणखी काय काय चढवलेलं. आबासाहेब बसून राहिले. मुली बसून राहिल्या. सर मधल्या वेळात फळ्यावर शिकवत होते, नेहमीसारखंच. काही पडदे उघडले, पण माउस हलवला की पुन्हा कडं फिरायचं. थोडं टाइप होतंय तोवर तास संपल्याची घंटा झाली, आणि मुली पुन्हा सगळं बंद करायला लागल्या.

आबासाहेब उठले. म्हणाले, "सर, आमचा ट्रॅक्टर म्हातारा आहे, तरी एका चावीत चालू होते. तुमचं हे काऊन नाही होत? पोरी इथं शिकाले येतात का वाट पाहाले?"

सर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, आबासाहेब."

झालं! मी दारातच उभी होते. मला वाटलं, अहो सर, काहीतरी बोला, नवीन संगणक मागा, भांडा! सर फळा पुसायला लागले. आबासाहेबांनी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन सांगून टाकलं की पुढच्या वर्षीपासून हा विषय बंद, भंगार विकून टाका, आणि ती खोली खेळाच्या सामानाला द्या. ज्यांना संगणक शिकायचा त्यांनी मेहकरला जावं.

'मेहकरला जावं' म्हणणं सोपं होतं. मुलगे गेलेही असते. पण आमच्या वर्गात पूजा होती. जवळच्या वस्तीवरची, गणितात तल्लख, बोलायला लाजरी. तिच्या वडिलांनी प्रवेशाच्या वेळीच बजावलं होतं, "इथं हाय तं शिक बापा. मेहकर-चिखलीले रोज एसटीनं नाही पाठोणार मी." त्यांचा काही दुष्टावा नव्हता, पोरगी उशिरा घरी आली की आई उंबऱ्यात उभी राहते, हे मलाही ठाऊक होतं. पूजासारख्या आणखी किती होत्या. प्रयोगशाळा गेली की त्या मुकाट्याने दुसऱ्या वर्गात जाऊन बसणार, आणि त्याबद्दल कोणी एक शब्दही बोलणार नाही. मला त्याचाच राग आला होता. मी सरांना म्हटलं, "तुम्ही गप्प कसे राहिलात?" तर म्हणाले, "त्यायनं पाह्यलं ते खरंच होतं नं, मॅडम. खऱ्याले काय उत्तर देणार?"

पण दुसऱ्या दिवशी सर आबासाहेबांच्या घरी गेले आणि एकच गोष्ट मागून आले. दिवाळीची सुट्टी होऊ द्या, त्यानंतर एकदा या. तेव्हाही असंच दिसलं तर मी स्वतः खोली रिकामी करून देतो. आबासाहेबांनी मान्य केलं.

त्या सुट्टीत सर देऊळघाटला गेले नाहीत. वहिनी म्हणजे सौ. रेखाताई, त्या फराळाचा डबा शाळेत पाठवत. मीही उत्तरपत्रिका तपासायचं निमित्त करून जायची, खरं तर डोकावायला. सरांनी सगळी खोकी अंगणात काढून उन्हात उघडली होती. त्यातून एवढी धूळ निघाली की जणू एखादं जुनं कोठार झाडलं. बहुतेक संगणकांवर त्यांनी विंडोज काढून लिनक्सची एक हलकी, जुन्या यंत्राला झेपेल अशी आवृत्ती बसवली. थोड्या संगणकांवर विंडोजच ठेवली, कारण परीक्षेसाठी ती लागणार होती. तिच्यातलं सगळं फालतू ओझं उतरवलं. पुण्याला नोकरी करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून त्यांच्या वापरात नसलेल्या वेगवान डिस्क मागवल्या, त्या बसवल्या. मग प्रत्येक संगणक चालू करून पाहायचे, बंद करून पाहायचे, पुन्हा चालू करून पाहायचे. मी विचारलं, "आता कुठली जिंकली? लिनक्स की विंडोज?" सर म्हणाले, "या म्हाताऱ्यायले लिनक्स हलकी जाते. मशीन तरणंताठं असतं तं विंडोजबी पळाली असती. भांडण कायले लावता?" शेवटी एक कडेचा संगणक राहिला, विंडोजचा, नवी डिस्क न मिळालेला. तो हळूच होता. सर म्हणाले, "हा असाच राहीन. जे आहे ते आहे."

आबासाहेबांच्या भेटीचा दिवस उजाडला. आणि इथे आमच्या प्राचार्यांच्या आदरातिथ्याने घोटाळा केला. प्राचार्य मोठे सज्जन गृहस्थ. पाहुणा येणार म्हटल्यावर सतरंजी अंथरलेली पाहिजे, तांब्या भरलेला पाहिजे, पाहुण्याला एक क्षण ताटकळत ठेवायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. सर सकाळी कार्यालयात आबासाहेबांच्या सत्काराच्या तयारीत अडकले होते, तेवढ्यात प्राचार्यांनी पूजाला आणि तिच्या मैत्रिणींना सांगितलं, "पोरींनो, सगळे कम्प्यूटर चालू करून ठेवा बरं, साहेब आले की तयार दिसले पाह्यजे." एवढ्यावर थांबले असते तर! पण त्यांनी प्रत्येक पडद्याला झेंडूची माळ घातली, आणि आबासाहेबांचा फोटो संस्थेच्या संकेतस्थळावर दाखवावा म्हणून कडेच्या त्या विंडोजला इंटरनेटची वायरही जोडून ठेवली. सर कामाशिवाय ती वायर कधी जोडत नसत.

आबासाहेब आत आले. सगळे पडदे झगमगत होते, झेंडूच्या माळा डोलत होत्या, कडेच्या पडद्यावर खुद्द आबासाहेब हसत होते. सरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आबासाहेबांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "सर, मले काय येडा समजता का? चालू कसं होते ते पाहाले आलो मी. हे तं सकाळपासून पेटवून ठेवले दिसतात." आणि वळलेच. त्यांना कुठल्यातरी साखरपुड्याला जायचं होतं, बाहेर गाडी हॉर्न देत होती.

प्राचार्य "साहेब, साहेब" करत राहिले. मला वाटलं, गेली प्रयोगशाळा. पूजा आपल्या खुर्चीमागे उभी होती. तिने माळेतलं एक फूल तोडून हातात चुरगळलं होतं, आणि ती माझ्याकडे पाहत होती, जणू मी काही करू शकणार होते. आणि सर मात्र पुढे झाले. म्हणाले, "आबासाहेब, तुमचं बरोबर आहे. आता सगळे तुमच्यासमोर बंद करतो. मंग कोणता चालू करायचा ते तुमी सांगा."

आबासाहेब थांबले. मुलींनी एकेक संगणक बंद केला. लिनक्सवाले पटापट विझले, विंडोजवालेही थोड्या वेळात विझले. राहिला तो कडेचा. सकाळपासून वायर जोडलेली, त्याने तेवढ्यात काय काय उतरवून घेतलं होतं. त्याच्या पडद्यावर पाटी आली. सुधारणा चालू आहे, कृपया संगणक बंद करू नका. आणि कडं फिरायला लागलं.

अरे देवा! मला त्या कड्याचा गळा धरावासा वाटला. प्राचार्यांनी हळूच बोर्डाकडे हात नेला, बटण दाबून टाकायला. सरांनी त्यांचा हात धरला. "नको सर. त्याचं काम चालू आहे." प्राचार्य कुजबुजले, "मग टेबलावरचा कपडा तरी टाका त्याच्यावर!" सर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झाकाचं कायले? आहे ते दिसू द्या."

आबासाहेबांनी विचारलं, "हे काऊन नाही बंद होऊन राह्यलं?" सरांनी सांगितलं. यंत्र जुनं आहे, नवी डिस्क मिळाली नाही, आणि आज इंटरनेट जोडल्यामुळे ते स्वतःला दुरुस्त करून घेत आहे. मधेच तोडलं तर बिघडेल. वेळ लागेल. किती लागेल, ते मी सांगू शकत नाही. काही म्हणजे काही लपवलं नाही. मी मनात म्हणत होते, अहो, एवढं सगळं कशाला सांगता!

आबासाहेब खुर्चीवर बसले. म्हणाले, "बरं. तोवर हे दाखवा." आणि पूजाच्या संगणकाकडे बोट केलं. सर म्हणाले, "तुमीच दाबा बटण." आबासाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा संगणकाला हात लावला असावा. त्यांनी बटण दाबलं, खिशातून चष्मा काढायला गेले, चष्मा नाकावर चढेपर्यंत पडदा तयार होता. ते उठून दुसऱ्याजवळ गेले, बटण दाबलं. तिसऱ्याजवळ गेले. मग परत पूजाजवळ येऊन म्हणाले, "माझं नाव लिहून दाखव बरं, बाई." पूजाने मराठीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. नाव बरोबर होतं. "आता हे बंद करून पुन्हा चालू कर." तिने केलं. लिहिलेलं नाव साठवलेलं होतं, ते पुन्हा उघडून दाखवलं.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजतच होता. आबासाहेब हलले नाहीत. कडेचा संगणक अजून फिरत होता. ते त्याच्यासमोर जाऊन बसले आणि खरोखर वाट पाहत राहिले. कोणी चहा आणला, तो घेतला. शेवटी तो पडदा काळा झाला, दिवा विझला. आबासाहेबांनी स्वतः बटण दाबलं. तो सुरू झाला, सगळ्यांत हळू, सगळ्यांत शेवटी, पण सुरू झाला.

आबासाहेब उठले. म्हणाले, "सर, हे सगळ्यात मठ्ठ आहे."

"हाव," सर म्हणाले.

"पण तुमी हे झाकलं नाही. मंग बाकीचे दाखवले तेबी खरेच असतीन." आणि प्राचार्यांकडे वळून म्हणाले, "खेळाचं सामान दुसरीकडं ठेवा. ही खोली सरायले राहू द्या." जाता जाता दारात थांबून सरांना म्हणाले, "आमच्या सूनबाईचा कम्प्यूटरबी लई वेळ घेते. एखाद्या दिवशी येऊन पाह्यजा."

गाडी गेली. मी प्रयोगशाळेच्या पायरीवर बसले आणि मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही आलं, आणि दोन्हीची लाज वाटली नाही. प्राचार्य घाम पुसत म्हणाले, "मॅडम, माझ्यामुळं होत्याचं नव्हतं झालं असतं हो." मी म्हटलं, "झालं असतं, सर. पण झालं नाही. आता त्या माळा काढा." आत सर पूजाला सांगत होते की आता सगळे नीट बंद करून घ्या, तास संपला. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता. रेखावहिनींना त्यांनी फोन लावला. "राह्यली," एवढंच ते म्हणाले. मग फोन माझ्या हातात दिला. मी वहिनींना सगळं सांगितलं, आणि तिकडे वहिनी रडायला लागल्या.

पूजा बारावी झाली. मेहकरला रोज पाठवणार नाही म्हणणारे तिचे वडीलच पुढे तिला घेऊन बुलडाण्याच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायला गेले. का, असं मी विचारलं, तर म्हणाले, "सरायनं सांगतलं का पोरगी चांगली आहे. ते माणूस उगंच नाही सांगत." सरांच्या शब्दाला एवढी किंमत कुठून आली, हे मला विचारावं लागलं नाही. जो माणूस अध्यक्षांसमोर स्वतःच्या विरुद्ध जाणारं खरं सांगतो, त्याने आपली पोरगी हुशार आहे म्हटलं तर वऱ्हाडातला बाप एसटीची भीती विसरतो.

सर, तुमच्याविषयी लिहायला बसले आणि नेहमीप्रमाणे माझंच बोलणं जास्त झालं. तुम्ही वाचून "बरं लिवलं, पण लांबलं" म्हणाल, ते मला आत्ताच ऐकू येतंय. तुमच्या सहवासात मी उतावळेपणा सोडला असं खोटं मी लिहिणार नाही. सोडला नाही. पण आपण वाट पाहतो आहोत, ती कशाची, हे विचारायला मी तुमच्याकडून शिकले. आमच्या सगळ्यांच्या वतीने, साखरखेर्ड्याच्या शाळेच्या वतीने, आणि माझ्या घरच्या प्रिंटरच्या वतीनेही तुम्हाला मनापासून नमस्कार. तब्येतीची काळजी घ्या. वहिनींनी सांगितलेलं पथ्य पाळा. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली आहे. गुडघा दुखत असेल तर वरच्या मजल्यावरच्या वर्गांत चढून जाऊ नका, मुलींना खाली प्रयोगशाळेत बोलवा, त्या येतील.

आणि हो, यंदा अकरावीला एवढ्या मुली आल्या आहेत की प्रयोगशाळेत एकेका संगणकावर दोघी बसतात, आणि प्रत्येक दोघींच्या मागे एक तिसरी उभी असते. सर, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, ही तुमच्यासाठी प्रार्थना आहेच. पण माझ्याकडून एक अटही आहे. ती तिसरी मुलगी स्वतःच्या खुर्चीवर बसेपर्यंत तुम्हाला कुठेही जायची परवानगी नाही.